डल्ला, पापडी, भुसकी : लोणारच्या खाराची आणि दगडाची गोष्ट

वाटाड्याने खिशातून हळदीची पुडी काढली तेव्हा मला वाटलं, काठावरच्या कमळजा देवीला वाहायची असेल. लोणारच्या विवरातली उतरण संपली होती, बाभळीचं झुडपाळ रान मागे पडलं होतं आणि समोर हिरवट पाण्याचा तो गोल पसारा होता. त्याने बाटलीच्या पांढऱ्या झाकणात तळ्याचं थोडं पाणी घेतलं, चिमूटभर हळद टाकली, बोटाने ढवळली. पिवळी हळद बघता बघता लालभडक झाली. "पाहा भाऊ, झालं का नाही कुंकू?" दिवसातून दहा वेळा तो हे करत असणार, तरी विचारताना त्याच्या चेहऱ्यावर जादूगाराचं हसू होतंच.

यात जादू नाही, हे घरात कपडे धुणाऱ्या कुणालाही ठाऊक असतं. पांढऱ्या सदऱ्यावर पडलेला हळदीचा डाग साबण लावला की आधी लाल होतो. क्षार भेटला की हळद रंग बदलते. लोणारचं पाणी साबणाच्याच जातीचं. बोटं एकमेकांवर चोळली तर बुळबुळीत लागतात, नाकाला सडक्या अंड्याचा वास येतो, आणि हात उन्हात वाळला की कातडीवर एक पांढरट पापुद्रा उरतो.

त्या पापुद्र्यासाठी माणसं इथे शतकानुशतकं येत राहिली. आज लोणार म्हटलं की आकाशातून पडलेला दगड आठवतो. शाळेच्या सहलीही त्यासाठीच येतात. पण ही ओळख पन्नास-साठ वर्षांची आहे. त्याआधी लोणार ही एक खाण होती. सुरुंग आणि बोगदे नसलेली, दर उन्हाळ्यात आपोआप भरणारी. तिथे उतरणारा माणूस वर आभाळाकडे बघत नव्हता, पायाखालचा खार खरवडत होता. या खाणीतला माल बाजारातून हद्दपार झाल्यावर त्याच खड्ड्यातून दुसरं एक खनिज निघालं. त्याला बाजारात दमडीची किंमत नव्हती, पण खड्डा कसा झाला याची साक्ष त्यानेच दिली. गंमत अशी की हा खार आणि ती साक्ष, दोन्ही मुळात एकाच खनिजाची लेकरं. ते कसं, ते पुढे येईलच.

नावापासून सुरुवात करू. लवण, लोण, लोणार. मीठ, चुना, कोळसा यांचा धंदा करणारे लोणारी आपल्याकडे गावोगाव होते. गावाच्या नावातच माल आहे. पुराणकथेतही तोच आहे. लवणासुर नावाचा दैत्य जमिनीखाली बिळात राहायचा, विष्णूने बिळाचं झाकण उडवून त्याला मारलं, झाकण दूर जाऊन पडलं आणि त्याची टेकडी झाली. उघड्या पडलेल्या खड्ड्यातलं पाणी म्हणजे दैत्याचं रक्त आणि त्यातला खार म्हणजे त्याचं कुजलेलं मांस, असं स्थानिक परंपरा सांगे. गावातलं दैत्यसूदनाचं देखणं देऊळ याच विष्णूचं. कथा रचणाऱ्याने डोळे उघडे ठेवले होते, हे मान्य करायला हवं. हा खड्डा सावकाश झालेला नाही, एका तडाख्यात झालेला आहे, एवढं त्याने ओळखलं होतं. झाकणाची गोष्ट लक्षात ठेवा. विसाव्या शतकात एक भूवैज्ञानिक जवळजवळ तीच पुन्हा सांगणार आहे.

लेखी इतिहासात लोणार येतं ते महसुलाच्या वहीतून. १५९६ मध्ये अहमदनगरच्या चांदबिबीला मोगलांशी तह करताना वऱ्हाड सोडून द्यावं लागलं. नवा सुभा हाती आल्यावर तिथे काय पिकतं, काय निघतं, किती वसूल होतो याची नोंद होणं क्रमप्राप्तच होतं. अबुल फजलच्या 'आईन-इ-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या वर्णनात मेहकर सरकारातलं लोणार आहे. हे मोठं पवित्र ठिकाण असून ब्राह्मण त्याला विष्णुगया म्हणतात, असं तो सांगतो आणि लगेच कामाच्या गोष्टीकडे वळतो. इथे काच आणि साबण करायला लागणारा सगळा माल मिळतो आणि त्यावरच्या जकातीतून सरकारला चांगलं उत्पन्न होतं. सोऱ्याचाही उल्लेख तो करतो. तीर्थ आणि तिजोरी एकाच दमात. अकबराच्या दरबारातल्या कारभाऱ्याला लोणारबद्दल जे कळायला हवं होतं ते इतकंच होतं, आणि ते बरोबर होतं.

काच आणि साबण ही जोडी त्याने उगाच घातलेली नाही. वाळू एकटी वितळवायची तर सतराशे अंश सेल्सिअसच्या आसपास उष्णता लागते. कुठल्याही जुन्या भट्टीच्या ती आवाक्याबाहेर. वाळूत सोड्याचा खार मिसळला की ती कितीतरी कमी तापमानाला पाघळते. म्हणजे खार असेल तर कासाराची बांगडी, नाही तर नुसती वाळू. साबणाचंही तेच. खारात चुनकळी मिसळून तो तिखट करायचा आणि तेलाबरोबर उकळायचा. रंगाऱ्यालाही कापडावर रंग पक्का बसवायला खार लागे. आपल्या स्वयंपाकघरातला पापडखारही याच कुळातला. समुद्राचं मीठ आणि हा खार यांत लोक गल्लत करतात म्हणून सांगतो : मीठ म्हणजे सोडियम क्लोराइड, ते लोणारच्या पाण्यातही आहे. पण लोणारची खासियत म्हणजे सोडियमची कार्बोनेटं, धुण्याचा आणि खाण्याचा सोडा यांची जोडगोळी. त्या दोहोंचं मिळून जे स्फटिकरूप बनतं त्याला खनिजशास्त्रात ट्रोना म्हणतात. इजिप्तमध्ये मृतदेह टिकवायला जो नॅट्रॉन वापरायचे, तो याच घराण्यातला.

लोणारमध्ये अर्थात कुणी ट्रोना म्हणत नव्हतं. तिथे मालाची प्रतवारी होती आणि प्रत्येक प्रतीला नाव होतं : डल्ला, निमक डल्ला, खुप्पल, पापडी, भुसकी. इंग्रजी गॅझेटियरांनी ही नावं जशीच्या तशी उतरवून घेतली म्हणून ती वाचली. बहुतेक नावं स्वतःच बोलतात. डल्ला म्हणजे ढेकूळ, सगळ्यात घट्ट आणि सोड्याने सगळ्यात भरलेला माल. ('डल्ला मारणे'शी याचा काही संबंध असेल असं मला वाटत नाही, पण इथल्या मालावर प्रत्येक राजवटीने डल्ला मारला हे खरंच.) निमक डल्ल्यात मिठाची भेसळ, ती निसर्गानेच केलेली. पापडी म्हणजे काठाला धरलेली पातळ खपली. भुसकी म्हणजे भुगा, मातीमिश्रित, सगळ्यात हलकी. प्रयोगशाळेतला रसायनज्ञ ज्या गोष्टी तराजू आणि आम्ल घेऊन ठरवतो, त्या इथला माणूस बोटांनी आणि जिभेने ठरवत होता. नंतर पृथक्करण झालं तेव्हा ही देशी प्रतवारी फारशी चुकलेली निघाली नाही.

काम उन्हाळ्याचं. पावसाळ्यात आणि हिवाळ्यात पाणी पसरलेलं असे. चैत्र-वैशाखात ते आटून मागे सरकलं की काठावर पांढरी खपली धरे आणि उथळ पाण्याच्या तळाशी ढेकळं जमत. माणसं गुडघाभर, मांडीभर पाण्यात शिरून चिखलातून ती हाताने चाचपून काढत. हे काम कसं असेल याचा अंदाज यायला हळदीचं ते झाकण पुरेसं आहे. पाण्याचा सामू दहाच्या आसपास. बारीकसा ओरखडा असला तरी झोंबणार, नखं पांढरी पडणार, पायाची कातडी तडकणार. वरून वऱ्हाडातलं ऊन आणि विवर बशीसारखं, वाऱ्याला वाट नाही. मग तो माल काठावर वाळवायचा आणि दीडशे मीटरची चढण चढून वर गावात आणायचा. महसुलाच्या कागदांत जकात आहे, प्रती आहेत. या चढणीबद्दल कुणी फारसं लिहिलेलं नाही.

हा खार येतो कुठून? आसपासच्या विहिरींचं पाणी गोड आहे. विवराच्या कडेवरची धार बारमाही वाहते, भाविक तिच्याखाली अंघोळ करतात, तेही पाणी गोडच. तळ्याच्या काठावरच्या सासू-सुनेच्या विहिरीची गोष्ट लोक कौतुकाने सांगतात, एका अंगाचं पाणी खारं आणि दुसऱ्या अंगाचं गोड. बुलढाणा जिल्ह्याच्या उत्तरेला, संग्रामपूर-जळगाव जामोदकडे, पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा आहे, पण त्याचा याच्याशी संबंध नाही; ती नदीच्या गाळाखालची वेगळी कहाणी. लोणारचा खार लोणारच्याच दगडात आहे.

हा दगड म्हणजे आपला नेहमीचा काळा पत्थर, बेसॉल्ट. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थरावर थर पसरून दख्खनचं पठार झालं. लोणारच्या कड्यात यातले पाच-सहा थर उघडे पडले आहेत आणि दोन थरांमध्ये कुठेकुठे लाल मातीचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थंड होऊन, त्यावर ऊनपाऊस पडून माती झाली आणि मग दुसरा लाव्हा आला, त्याची ती खूण. बेसॉल्ट भिंगाखाली धरला तर त्यात पांढुरक्या काड्यांचं जाळं दिसतं. ते फेल्डस्पार, त्यातल्या ज्या प्रकाराला प्लॅजिओक्लेज म्हणतात तो. या काड्यांत कॅल्शियम असतं आणि सोडियमही असतं. बेसॉल्टमधलं बहुतेक सोडियम इथेच दडलेलं.

पावसाचं पाणी हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आंबट होतं, दगडात झिरपतं आणि या काड्या अतिशय सावकाश कुरतडतं. सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सुटून पाण्याबरोबर खाली येतात. दुसऱ्या कुठल्याही खोऱ्यात हे पाणी नदीला, नदी समुद्राला मिळाली असती. लोणारमधून मात्र एकही ओढा बाहेर जात नाही. आत आलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट एकच, आभाळाची. पाणी वाफ होऊन जातं, विरघळलेलं मागे राहतं. कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लवकर तळाशी बसतात, चुनखडीच्या रूपात चिखलात जातात. उरतं सोडियम. हजारो उन्हाळे हेच चाललं. आपण चहाचं आधण जास्त आटवावं तसं हे तळं आटवलेलं आहे. गोड पाण्याच्या विहिरी आणि खारं तळं यांत विरोध नाहीच; गोड पाणी पुरेसं आटवलं की लोणारचं पाणी होतं.

या धंद्याचा शेवट लोणारमध्ये झालाच नाही. तो इंग्लंडातल्या चेशर परगण्यात झाला. १८६० च्या दशकात बेल्जियमच्या अर्नेस्ट सोल्वेने साधं मीठ, चुनखडी आणि अमोनिया यांपासून सोडा बनवायची पद्धत बसवली. १८७३ मध्ये सुरू झालेल्या ब्रुनर-माँड कंपनीने ती चेशरमध्ये आणली आणि कारखान्याचा शुद्ध पांढरा सोडा जहाजं भरभरून मुंबई बंदरात उतरू लागला. हा सोडा प्रत्येक पोत्यात सारखाच असे. डल्ल्यात खडे येतात, पापडीत माती येते, एखाद्या वर्षी पाऊस लांबला तर माल निघतच नाही. शिवाय रेल्वे लोणारला कधी आलीच नाही. माल बैलगाडीवर लादून दूरच्या स्टेशनापर्यंत न्यायचा. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात गेलं होतं. नव्या सरकारने तळं मोजलं, पाण्याचं आणि चिखलाचं पृथक्करण केलं, यातून किती सोडा निघेल याचे हिशेब मांडले. हिशेब बरे दिसत, पण बाजारभावापुढे टिकत नसत. १९३९ मध्ये स्थापन झालेल्या टाटा केमिकल्सने मिठापूरला, सौराष्ट्राच्या किनाऱ्यावर, सोड्याचा कारखाना उभा केला तेव्हा देशी सोड्याचा प्रश्नही लोणारला वळसा घालून सुटला. डल्ला-पापडी ही नावं हळूहळू तोंडातून गेली आणि छापील पानांत राहिली.

माल संपला आणि खड्डा उरला. तो कुणी खणला हा प्रश्न इंग्रज आल्यापासून होताच. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर नावाचा लष्करी अधिकारी इथे येऊन गेला. लोणारचं वर्णन करणारा पहिला युरोपीय म्हणून त्याचं नाव घेतात. १८४० च्या सुमारास मद्रास लष्करातला डॉक्टर माल्कमसन, मग न्यूबोल्ड, ऑर्लेबार, आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा डब्ल्यू. टी. ब्लॅनफर्ड. बहुतेकांचं उत्तर ठरलेलं : ज्वालामुखी. दोष त्यांना देता येत नाही. चहूकडे शेकडो मैल लाव्हाच लाव्हा, मधोमध गोल खड्डा, आणि आभाळातून दगड पडून एवढं विवर होऊ शकतं ही कल्पना तोवर कुठल्याच शास्त्रज्ञाच्या गळी उतरलेली नव्हती.

पण दगड ऐकत नव्हता. ज्वालामुखी असेल तर त्याची राख कुठे, त्याचा स्वतःचा लाव्हा कुठे? कडेवर जो माल साचला आहे तो आसपासच्याच थरांचा, फुटलेला आणि उलटलेला. नवीन काही पोटातून आलेलं नाही. आणि तोही एवढ्या खड्ड्याच्या मानाने फार थोडा. शिवाय पठाराचा लाव्हा कोट्यवधी वर्षं थंड पडलेला, आणि विवराची कड मात्र काल-परवा उचलल्यासारखी ठसठशीत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ला टूश आणि रसायनज्ञ क्रिस्टी यांचा लोणारवरचा दीर्घ निबंध १९१२ मध्ये आला. क्रिस्टी राजस्थानातल्या सांभरच्या मिठाचा अभ्यास करून आलेला, त्यामुळे खाराची बाजू भक्कम होती. खड्ड्याच्या बाबतीत मात्र निबंधाने वेगळीच वाट काढली. आतून दाबाने जमीन फोडासारखी फुगली आणि मग तिचं छत कोसळून आत गेलं. म्हणजे पुन्हा झाकणच! पुराणात ते उडून बाहेर पडलं, इथे आत पडलं, एवढाच फरक.

दरम्यान लोणारचं नाव अमेरिकेतल्या एका भांडणात ओढलं गेलं होतं. ॲरिझोनाच्या वाळवंटात लोणारसारखाच एक गोल खड्डा आहे आणि त्याच्याभोवती लोखंडी उल्कांचे तुकडे विखुरलेले सापडतात. अमेरिकेतला त्या काळचा नामांकित भूवैज्ञानिक जी. के. गिल्बर्ट याने तो तपासला आणि १८९६ मध्ये निष्कर्ष छापला : वाफेचा स्फोट. त्या विवेचनात त्याने लोणारशी साम्य नोंदवलं होतं. साम्य बिनचूक होतं. म्हणजे दोन्ही विवरं सख्खी आहेत हे त्याने ओळखलं, फक्त बाप चुकीचा सांगितला. बॅरिंजर नावाचा खाणमालक १९०३ पासून त्या ॲरिझोनाच्या खड्ड्यात पुरलेलं लोखंड शोधत राहिला. त्याला उल्का पटली होती, पण लोखंडाचा गोळा काही सापडला नाही. इतक्या वेगाने आलेला दगड आदळताक्षणी बराचसा उडून जातो, हे तेव्हा फारसं कुणाला उमगलं नव्हतं. अखेर १९६० मध्ये शूमेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तिथल्या वाळूच्या खडकात कोएसाइट दाखवलं. क्वार्ट्‌झचं हे रूप प्रचंड दाबाखालीच तयार होतं. तेव्हापासून विवराचा खटला आकारावर न चालता खनिजांवर चालू लागला.

लोणारचा खटला लगेच उघडला. १९६१ मध्ये नंदी आणि देव यांचा लोणारची उत्पत्ती आणि क्षारता यांवरचा लेख आला. १९६४ मध्ये लाफाँड आणि रॉबर्ट डिएट्झ या अमेरिकनांनी लोणार हे उल्कापाताचं विवर असावं असं मांडलं. त्यांच्या शीर्षकाच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं. डिएट्झ म्हणजे समुद्राचा तळ पसरतो हे सांगणाऱ्या पहिल्या मोजक्यांपैकी एक. धाडसी बोलायची त्याला सवयच होती. पण अडचण होती. बेसॉल्टमध्ये क्वार्ट्‌झ जवळजवळ नसतो, मग कोएसाइट मिळणार कसं? ॲरिझोनाची किल्ली या कुलपाला लागत नव्हती.

मग तळ्याच्या तळाला भोकं पाडायचं ठरलं. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण आणि अमेरिकेची स्मिथसोनियन संस्था एकत्र आली. वेळही मोठी जुळून आली होती. अपोलोच्या माणसांनी चंद्रावरून आणलेले दगड नुकतेच प्रयोगशाळांत पोहोचले होते, तेही बेसॉल्टचे आणि आघातांनी पिचलेले. त्यांच्याशी ताडून बघायला पृथ्वीवर बेसॉल्टमधलं विवर हवं होतं आणि त्यावेळी माहीत असलेलं तसं एकच होतं, बुलढाणा जिल्ह्यात. गाळाचा सुमारे शंभर मीटरचा थर भेदून छिद्रक खाली गेला. डल्ला-पापडीच्या चिखलाखाली, आटलेल्या कितीतरी उन्हाळ्यांच्या खाली, चुराडा झालेला बेसॉल्ट लागला. त्याचे काप भिंगाखाली ठेवल्यावर ज्यासाठी एवढा खटाटोप केला होता ते दिसलं : मास्केलिनाइट.

मास्केलिनाइट म्हणजे काच झालेला फेल्डस्पार. तोच प्लॅजिओक्लेज, त्याच पांढुरक्या काड्या. बाहेरचा आकार जसाच्या तसा, कडाही सरळ, पण आतली स्फटिकाची रचना पार मोडलेली. वितळून काच झाली असती तर काडीचा आकार राहिला नसता. ही काच न वितळता झाली, सुमारे तीन लाख वातावरणांइतक्या दाबाचा एक धक्का अंगातून आरपार गेल्यामुळे. कुठलाही ज्वालामुखी असा दाब देऊ शकत नाही. सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने आलेला दगडच देऊ शकतो. हा वेग डोळ्यांसमोर आणायचा तर : बुलढाण्याहून लोणारला यायला एसटीला दोन-अडीच तास सहज लागतात, त्या वेगाने चार-पाच सेकंद. १९७३ च्या मे महिन्यात 'सायन्स' नियतकालिकात फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख आला. या वेळी शीर्षकात प्रश्नचिन्ह नव्हतं. काचेचे बारीक गोळे, शंकूसारखे तडकलेले दगड, चुऱ्याचे खडक असे पुरावे होते, आणि त्यातले गोळे आणि चुऱ्याचे खडक चंद्रावरच्या नमुन्यांशी जुळत होते.

आता ते एकाच खनिजाचं वचन पुरं करतो. पावसाने प्लॅजिओक्लेजची काडी हजारो वर्षं चाटली, तिच्यातलं सोडियम निघालं आणि त्याचा डल्ला झाला. त्याच काडीला डोळ्याचं पातं लवण्याआधी धक्का बसला आणि तिचं मास्केलिनाइट झालं. एक कासाराच्या भट्टीत जाऊन काच झालं, दुसरं जागच्या जागी. आणखी एक योगायोग मला सोडवत नाही. मास्केलिनाइट पहिल्यांदा ओळखलं गेलं ते १८७२ मध्ये, एका उल्केत. ती उल्का ऑगस्ट १८६५ मध्ये पडली होती बिहारमधल्या शेरघाटीला, गया जिल्ह्यात. लोणारला विष्णुगया म्हणतात, असं अबुल फजलने लिहिलं होतं. शेरघाटीचा तो दगड मंगळावरून आला होता, हे कळायला पुढची शंभराहून जास्त वर्षं गेली.

पडलेला दगड मात्र सापडलेला नाही आणि सापडायचाही नाही. काचेच्या गोळ्यांत निकेल, कोबाल्ट, क्रोमियम प्रमाणाबाहेर आहेत, तेवढाच त्याचा माग. तो कधी पडला यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. एका पद्धतीने बावन्न हजार वर्षं येतात, दुसरीने पावणेसहा लाख. तो वाद त्यांच्याकडेच राहू द्यावा. गोष्टीचा क्रम दोन्हीकडून तोच राहतो.

निकाल लागल्यावर लोणारचा भाव बदलला. १९७९ मध्ये भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने त्याला राष्ट्रीय भूस्मारक ठरवलं, २००० मध्ये अभयारण्य झालं, २०२० मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव गेलं. आता इथली ढेकळं उचलून न्यायची कुणाला मुभा नाही. त्याच २०२० च्या जून महिन्यात पाणी गुलाबी झालं आणि टाळेबंदीत घरी बसलेल्या महाराष्ट्राला लोणार पुन्हा आठवलं. प्रकरण उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापर्यंत गेलं. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासून सांगितलं की ही करणी मिठात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांची, हॅलोआर्कियांची. पाणी आटून खार वाढला की त्यांचे दिवस येतात. पाऊस पडला, रंग गेला.

गाळातून मात्र याहून मोलाचं काही निघालं आहे. २००८ मध्ये तळाच्या चिखलाचा दहा मीटर लांबीचा नमुना काढला गेला आणि त्यात ठरावीक खोलीवर गेलुसाइटचे स्फटिक सापडले. हे सोडियम आणि कॅल्शियमचं जोड-कार्बोनेट, पाणी अतिशय आटल्यावरच तळाशी जमतं. म्हणजे ज्या थरात गेलुसाइट, त्या काळात दुष्काळ. असे दोन मोठे कोरडे काळ दिसले. पहिला सुमारे ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा. दुसरा २००० ते ६०० वर्षांपूर्वीचा, अर्थात त्यात वर-खाली होत गेलेला.

विवराच्या आतली, पाण्याच्या काठाकाठाने उभी असलेली देवळं बघताना मला हे आकडे आठवत होते. ही बहुतेक देवळं यादवांच्या राजवटीपर्यंतची, म्हणजे त्या दुसऱ्या कोरड्या काळाच्या आतली. पाया घालणाऱ्या गवंड्याने आणि पाथरवटाने पाण्याची जी रेघ बघितली, ती आटलेल्या तळ्याची असणार. त्यांच्या मते ते पाण्यापासून बेताच्या अंतरावर बांधत होते. हा माझा तर्क आहे, त्याला कुठला शिलालेख दाखवता येणार नाही. पण गेल्या काही वर्षांत तळ्याची पातळी चढते आहे, बाभळी कमरेइतक्या पाण्यात उभ्या आहेत, सासू-सुनेची विहीर बुडाली आणि पाणी कमळजा देवीच्या दारापर्यंत येऊन ठेपलं. पापडी जिथे धरायची तो काठ आता पाण्याखाली आहे. वाटाड्या मला म्हणाला, पूर्वी इथून आणखी बरंच पुढे चालत जाता यायचं. त्याने हात करून जागा दाखवली. तिथे एक बगळा बाभळीच्या शेंड्यावर बसला होता.